निवडून आलं म्हणजे एकट्याने कर लावायचा अधिकार मिळतो का?

(सप्टेंबर २०२५मधली सोलापूरकरांची चर्चा; लिहिणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत.)

पूर्वभागकर

२०२४मध्ये ट्रम्प निवडून आले तेव्हा सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, बरेच जण खूश होते. उषा व्हान्स यांचं घराणं मूळचं आंध्रातलं. तेलुगू घरातली लेक अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांची पत्नी झाली, याचं कौतुक वाटणं साहजिक आहे. त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. राज्यवार निर्वाचक मतं ३१२ विरुद्ध २२६, अटीतटीची सातही राज्यं त्यांच्याकडे, आणि २००४ नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवाराला देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त मतं. कमला हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. पुढे ६ जानेवारीला उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने त्यांनीच संसदेत ट्रम्प यांचा विजय जाहीर केला. चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्याच इमारतीत ट्रम्प समर्थकांनी घातलेला धुडगूस आठवला, की हॅरिस यांच्याबद्दल आदर वाटतो.

माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. २०२५च्या ७ ऑगस्टला भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लागलं. आपण रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. टॉवेलवर आधीपासून असलेलं शुल्क वेगळंच. पाकिस्तानला १९ टक्के, बांगलादेश आणि व्हिएतनामला २०. सोलापूरच्या टेरी टॉवेलने ही स्पर्धा कशी करायची? अक्कलकोट रोडला माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराला तिकडच्या खरेदीदाराचा निरोप आला आहे: निम्मा बोजा तुम्ही उचला, नाहीतर माल पाठवू नका. टॉवेलच्या धंद्यात एवढा नफा असतो का?

अमेरिकेच्या राज्यघटनेत कर आणि जकात बसवण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे. ट्रम्प यांनी मात्र आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा १९७७चा कायदा पुढे केला. त्या कायद्यात आयात शुल्काचा उल्लेख नाही आणि त्यांच्या आधी एकाही अध्यक्षाने तो शुल्कासाठी वापरला नव्हता. २९ ऑगस्टला तिथल्या अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी हे शुल्क बेकायदा ठरवलं. तरी ते चालूच आहे, आणि आता नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी आहे. म्हणून विचारतो, निवडणूक जिंकलेल्या माणसाला एकट्याच्या सहीने हे करता यावं का? माझं म्हणणं, नाही. तो भारताचा मित्र असो वा नसो.

जुळे सोलापूर

साहेब, तुम्ही जनादेश मान्य करता आणि लगेच तो काढूनही घेता. ट्रम्प यांनी हे लपूनछपून केलेलं नाही. सगळ्या देशांच्या मालावर १० ते २० टक्के आणि चीनवर ६० टक्के शुल्क लावणार, हे ते प्रचारात जाहीरपणे सांगत होते. ज्यांनी मत दिलं त्यांनी ते ऐकून दिलं.

आणि का दिलं, तेही बघा. जून २०२२ मध्ये तिथे महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. नंतर ती उतरली, पण वाढलेल्या किमती खाली आल्या नाहीत. कारखाने बंद पडलेल्या गावांतल्या लोकांना तीस वर्षं कोणी विचारलं नाही. गिरण्या बंद पडल्या की गावाचं काय होतं हे सोलापूरकराला सांगायला नको. त्या लोकांना वाटलं, हा माणूस आपल्यासाठी भांडेल. त्यांच्या अध्यक्षाने त्यांचं बघावं, आपलं का म्हणून बघावं? संसदेची दोन्ही सभागृहं त्यांच्याच पक्षाकडे आहेत. शुल्क नको असेल तर संसद ते रोखू शकते. ती रोखत नाही, याचा अर्थ तिची संमती आहे.

पूर्वभागकर

गिरण्यांचं तुमचं म्हणणं मनापासून पटतं. त्या मतदारांचा राग खरा होता. पण रशियन तेलावरून भारताला दंड करणार, हे ट्रम्प यांनी कोणत्या सभेत सांगितलं होतं? चीन रशियाकडून आपल्यापेक्षा जास्त तेल घेतो, युरोप अजून रशियाचा गॅस घेतो. त्यांना हा दंड नाही. संसदेत प्रस्ताव आला असता तर कोणीतरी उभं राहून हे विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. गप्प बसलेल्या संसदेला मी संमती म्हणणार नाही. शिवाय ट्रम्प यांना ४९.८ टक्के मतं आहेत, निम्म्याहून थोडी कमीच. जिंकायला ती पुरेशी आहेत. पण उरलेल्यांच्या प्रतिनिधींना बोलायची जागाच नसावी, इतकी ती नाहीत.

आपल्या शहराला हे वेगळं सांगावं लागू नये. १९३० साली इथे मार्शल लॉ होता. लोकांना न विचारता चालणारी सत्ता कशी असते, ते या गावाने सोसलेलं आहे.

बार्शीकर

मार्शल लॉची तुलना इथे नको. चार हुतात्म्यांना फाशी देणारं परकं सरकार आणि निवडून आलेला अध्यक्ष यांना एका ओळीत बसवू नका.

आणि अमेरिकेकडे बोट दाखवताय, तर घरचंही बघा. हेच ५० टक्के जाहीर झाल्यावर आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. कापड उद्योगाला दिलासा म्हणून. एका अधिसूचनेने. संसदेत चर्चा झाली का? माझे मेहुणे परभणीकडे कापूस लावतात. बाहेरचा कापूस बिनशुल्क यायला लागला की त्यांचा भाव कशाने टिकणार? ट्रम्पने तुमच्या टॉवेलवर घाव घातला, तो आपल्या सरकारने शेतकऱ्याच्या अंगावर ढकलला. तेव्हा सोलापूरच्या एकाही कारखानदाराने संसदेला विचारा म्हटलं नाही. फायदा होत असला की एकट्याची सही चालते, असंच ना?

विडी घरकुल

दादा, तुमची सगळ्यांची उत्तरं वाचली. माझी बहीण टॉवेलच्या कडा शिवते, नगावर पैसे मिळतात. यंत्रमाग कामगाराला पाळीचं काम तरी असतं, शिलाई आणि पॅकिंगच्या बायकांना माल नसला की घरी बसवतात. कागद नाही, नोटीस नाही. दिवाळी पुढच्या महिन्यात आहे. ट्रम्प यांनी केलं ते कायद्यात बसतं की नाही हे न्यायालय ठरवेल, पण त्याला नोव्हेंबर उजाडणार. निर्यातदारांसाठी काय करायचं यावर बैठका चालल्यात असं पेपरात वाचते. त्यात नगावर काम करणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसतं. आधी तिची नोंद करा की. मदत आली तर ती कोणाला द्यायची, हे तेव्हाच ठरेल ना.

जुळे सोलापूर

ताई, तुमचा मुद्दा सगळ्यात आधी घ्यायला हवा. नोंद नसेल तर मदत मालकापाशीच थांबते.

बाकी माझं मत कायम आहे. २४ जुलैला ब्रिटनशी करार झाला. तो लागू झाला की आपल्या कापडाला तिथे शुल्क लागणार नाही. त्या बाजारासाठी आतापासून रॅपिअर माग (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग), रंगाई, सांडपाण्याची सोय यात पैसा घालायला हवा. परक्या मतदाराने कोणाला निवडावं हे आपल्या हातात नाही. एकाच गिऱ्हाइकावर किती विसंबायचं, हे मात्र आहे.

पूर्वभागकर

नवे बाजार शोधायला माझा विरोध नाही. पण आज ज्याच्या गोदामात अमेरिकेच्या मापाचा, त्यांच्या लेबलचा माल पडून आहे, त्याला ब्रिटनचं काय सांगायचं? तो माल दुसरीकडे फिरवता येत नाही.

बार्शीकर, फरक आहे. आपल्याकडे शुल्क माफ करायचा अधिकार १९६२च्या सीमाशुल्क कायद्याने, म्हणजे संसदेनेच, सरकारला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. तिकडे तो दिलाय की नाही यावरच खटला चालू आहे. पण कापसावर चर्चा व्हायला हवी होती, हे मला मान्य आहे. यंत्रमागधारकांनी आणि कापूस उत्पादकांनी मिळून खासदारांकडे ती मागावी. हिवाळी अधिवेशनात हा विषय येऊ शकतो.

बार्शीकर

कायद्याचा फरक समजला. पण हिवाळी अधिवेशन भरेपर्यंत वर्ष संपत येतं. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते. लहान शेतकरी घरात साठवत नाही, देणी असतात, मिळेल त्या भावाला घालून मोकळा होतो. खासदारांना निवेदन द्यायचं तर याच महिन्यात द्या. त्यात ताईंची शिलाईवाल्या बायकांच्या नोंदीची मागणी पहिली घाला आणि कापसाची दुसरी. तुमच्या टॉवेलची तिसरी असेल, तर सही करायला मी बार्शीहून येतो.