खान्देशात मुलींचे फुटबॉल: प्रशिक्षक स्त्रीच हवी का?

तापीकाठ:
जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कबड्डी-खो-खोला मुली मिळतात. फुटबॉलला मात्र सातवी-आठवीपर्यंत येतात आणि पुढे एकेक करून गळतात. (फुटबॉलवेड्या कोल्हापूरकरांनी हसू नये.) हाती असलेला थोडा पैसा आधी प्रत्येक तालुक्यात एक स्त्री प्रशिक्षक तयार करण्यावर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. मासिक पाळी, हाफ पँटवरून घरात होणारी कुरकुर, परगावच्या स्पर्धेतला मुक्काम, यांबद्दल मुलगी सरांशी बोलत नाही. ती फक्त यायची थांबते. भारताच्या माजी फुटबॉलपटू बेंबेम देवींना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, याचा अभिमान आहेच. पण अक्कलकुव्यातल्या बापाला पटण्यासाठी ओळखीच्या गावातली, खेळून पोटापाण्याला लागलेली एखादी ताई दिसावी लागते.

धुळेकर:
आपला हेतू योग्य असला, तरी क्रम मान्य नाही. जुलै 2025 मध्ये थायलंडला 2-1 असे हरवून भारतीय महिला संघ आशियाई चषकासाठी पात्र ठरला, तेव्हा प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री होते. ज्ञान असलेला माणूस आज उपलब्ध असताना स्त्री प्रशिक्षक तयार होईपर्यंत मुलींनी थांबायचे का?

तापीकाठ:
थांबावे असे मी म्हटलेले नाही. मेमोल रॉकी ही स्त्री मुख्य प्रशिक्षक असताना, 2018 मध्ये, भारतीय महिला ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत प्रथमच पोहोचल्या, हेही विचारात घ्या. शिवाय राष्ट्रीय संघातली मुलगी घरचा उंबरठा केव्हाच ओलांडून आलेली असते, आमची अजून उंबरठ्यावरच आहे. 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला युरोप दौऱ्यात गैरवर्तनावरून बडतर्फ करावे लागले, ही बातमी पालकही वाचतात.

निवृत्त क्रीडाशिक्षिका, नंदुरबार:
आपण दोघेही सामन्यांबद्दल बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात, त्यामुळे पहिलाच सामना हरलेल्या संघाचे वर्ष तिथेच संपते. मग कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीला सरावाला पाठवा, असे आईला कोणत्या तोंडाने सांगायचे? तालुक्यात चार शाळांची साखळी स्पर्धा भरली, तर शिकवणाऱ्यालाही काम उरते. स्त्री प्रशिक्षक हवीच. परंतु मानधन न देता, तासिका सांभाळून, मुलींची आईही तिनेच व्हावे, अशी अपेक्षा असेल तर तीही दोन वर्षांत मैदान सोडेल, आणि मुलींसमोर उदाहरण उभे राहील ते सोडून जाण्याचेच.

धुळेकर:
साखळी स्पर्धेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मानधनाची तरतूद आधी दाखवा, मग प्रशिक्षक स्त्री की पुरुष हा वाद घालू.

तापीकाठ:
तरतूद करतानाच ते पद स्त्रीसाठी राखून ठेवले नाही, तर ते नेहमीप्रमाणे सरांकडेच जाईल.