फाळणी आणि शांतिसेना: जुन्या अनुभवांचा आजच्या सीमावादांत उपयोग किती?

प्रश्न:
एका भूभागावर दोन समाज हक्क सांगू लागले की मधोमध रेषा आखून शांतिसेना बसवावी, असा सल्ला हमखास ऐकू येतो. भारत-पाकिस्तान सीमा आखणारे ब्रिटिश वकील रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात प्रथमच आले आणि त्यांनी ठरवलेली सीमा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर, जाहीर झाली. हे घाईचे उदाहरण सोडले तरी सायप्रस, पॅलेस्टाइन, सुदान उरतातच. यांतून आजच्या वादांना लागू पडेल असे काही हाती लागते का?

प्रतिसाद १:
सायप्रस, म्हणजे ग्रीक आणि तुर्की समाजांचे बेट, जरा जवळून पाहावे. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे मार्च १९६४ पासून आहे. म्हणजे १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने बंड झाले आणि पाठोपाठ तुर्की फौज उतरली, तेव्हा ती बेटावरच होती, पण यांपैकी काहीही तिला थोपवता आले नाही. पुढे सुमारे १८० किलोमीटर लांबीचा तटस्थ पट्टा तिच्याकडे आला. राजधानी निकोसियाच्या जुन्या वस्तीत तो जेमतेम काही मीटर रुंद आहे, तर शहराबाहेरचा विमानतळ अख्खाच त्यात सापडला. तेथे १९७४ पासून अडकलेले एक प्रवासी विमान गंजत उभे आहे. बंदुका थंडावल्या, हे काम लहान नव्हे. मात्र त्याबरोबर तडजोडीची निकडही ओसरली. एप्रिल २००४ च्या सार्वमतात एकीकरणाची योजना तुर्की सायप्रसवासीयांपैकी सुमारे ६५ टक्के मतदारांनी स्वीकारली आणि ग्रीक बाजूच्या सुमारे ७६ टक्के मतदारांनी फेटाळली. ग्रीक बाजूचा युरोपीय संघातील प्रवेश आठवड्यावर आला होता आणि तो या कौलावर अवलंबून नव्हता. मग नमते घ्यायचे कशासाठी?

प्रतिसाद २:
दोष सैनिकांच्या माथी मारू नये. १९५६ नंतर सिनाई आणि गाझात तैनात झालेली संयुक्त राष्ट्रांची सेना, जिच्यात भारतीय जवानही होते, इजिप्तच्या संमतीवर उभी होती. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी संमती काढून घेतली आणि पुढच्याच महिन्यात युद्ध पेटले. त्याच सिनाईत १९८२ पासून दुसरे बहुराष्ट्रीय पथक, तेही संयुक्त राष्ट्रांबाहेरचे, टिकून आहे, कारण १९७९ चा शांतता करार आधी झाला आणि पथक नंतर आले. माझ्या मते सगळा फरक या क्रमात आहे.

प्रतिसाद ३:
रेषा न आखताही वाद मिटतो, हे स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या ऑलंड बेटांनी दाखवले. तेथील बहुतेक रहिवासी स्वीडिश भाषक होते आणि त्यांना स्वीडनमध्ये जायचे होते, तरी राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या पूर्वीची संघटना) १९२१ मध्ये बेटे फिनलंडकडेच ठेवली; मात्र भाषा, शाळा व जमिनीची मालकी यांना हमी दिली आणि बेटांवर लष्कर ठेवण्यास मनाई झाली. निकाल विरुद्ध गेला तरी स्वीडनने तो मानला.

मूळ प्रश्नकर्ता:
क्रमाचा मुद्दा पटला, पण तो पुरेसा वाटत नाही. इथिओपिया आणि इरिट्रिया यांनी डिसेंबर २००० मध्ये आधी करार केला आणि सीमा आयोगाचा निवाडा अंतिम मानण्याचे त्यातच कबूल केले. आयोगाने २००२ मध्ये बाडमे हे गाव इरिट्रियाला दिले, तेव्हा इथिओपियाने ते सोडले नाही. त्या सीमेवरची शांतिसेना २००८ मध्ये गुंडाळली गेली, आणि इथिओपियाने निवाडा पूर्णपणे मान्य असल्याचे जाहीर केले ते २०१८ मध्ये, स्वतःचे सरकार बदलल्यावर.