टॉमकॅटवर नवीन वॉर टाकलं तरी लोकांना जुनंच दिसून राहिलं

बुटीबोरी_डेव्ह:
भाऊ लोक, टॉमकॅट ९ वर (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) ॲप आहे, वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं, बिल्ट्या त्यावरच बनतात. नवीन वॉर (ॲपची पॅक केलेली फाईल) टाकलं की निम्म्या लोकांना जुनीच जावास्क्रिप्ट दिसते, मग सगळं नव्याने उतरवायला कंट्रोल एफ५ दाबा म्हणून फोनवर सांगत बसा, आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर कुठून आणू एफ५? कॅशची (ब्राउझर फाईली साठवून ठेवतो त्याची) मी एकही सेटिंग केली नाही तरी असं काहून होते?

संत्रा४४:
सेटिंग नाही म्हणूनच होऊन राहिलं ना बे. टॉमकॅट ईटॅग (फाईलच्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) हे हेडर पाठवतो, कॅश-कंट्रोल (फाईल किती वेळ वापरायची ते) आपणहून पाठवत नाही, मग ब्राउझर स्वतःच अंदाज लावतो, साधारण फाईलच्या वयाच्या १० टक्के. १०० दिवस हात न लावलेली फाईल एकदा उतरवली की १० दिवस तो सर्व्हरला विचारतच नाही. ज्याने जेव्हा उतरवली तेव्हापासून त्याचे १० दिवस, म्हणून याला जुनं, त्याला नवं.
वेब डॉट एक्सएमएलमध्ये (ॲपची सेटिंग फाईल) एक्स्पायर्सफिल्टर लाव, तो फाईलींना मुदत लावतो, टॉमकॅट ७ पासून आतच येतो. इमेजला महिनाभर, एचटीएमएलला शून्य सेकंद. जावास्क्रिप्टचा कंटेंट टाइप (फाईलचा प्रकार सांगणारं हेडर) आधी रिस्पॉन्समध्ये बघ, कुठे टेक्स्ट/जावास्क्रिप्ट असते कुठे ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट, चुकला तर तो नियम लागतच नाही आणि लॉगमध्येही बोंब नाही.

तर्री_पोहा:
एवढं कशाला, सगळ्यावर नो-स्टोअर (काहीच साठवू नको) टाक अन् झोप.

संत्रा४४:
नको रे, गोडाउनमधलं नेट कसं असते, दर पानाला सगळं नव्याने उतरेल. नो-कॅश दे, त्यात फाईल राहते, फक्त वापरायच्या आधी विचारते, बदल नसेल तर ३०४ येतो, नुसते हेडर. पक्कं काम म्हणजे नावातच हॅश (मजकुरावरून काढलेला कोड, फाईल बदलली की तोही बदलते), वेबपॅक (फाईली बांधून देणारं टूल) करून देते, मग बिनधास्त ३१५३६००० सेकंद म्हणजे वर्षभर ठेव. ज्यांच्याकडे जुनी फाईल बसली ती सर्व्हरवरून काढता येत नाही, नवीन नावानेच द्यावी लागेल.

बुटीबोरी_डेव्ह:
वेबपॅक नाही, साधं जेएसपी (सर्व्हरवर बनणारी पानं). लिंकपुढे प्रश्नचिन्ह देऊन व्हर्जन टाकलं तर? आणि स्प्रिंग सिक्युरिटी (लॉगिन-सुरक्षेची लायब्ररी) आहे, ती आडवी येते का?

संत्रा४४:
चालते, ब्राउझरसाठी ती वेगळीच यूआरएल. फक्त नंबर हाताने नको टाकू, मेव्हनच्या (जावाचं ॲप बांधायचं टूल) बिल्डमधून घे, नाहीतर शुक्रवारी संध्याकाळी घाईत राहून जाईल. स्प्रिंग सिक्युरिटी तिच्यातून जाणाऱ्या रिस्पॉन्सवर नो-स्टोअर लावते, पण तुझी जावास्क्रिप्ट तर कॅश होऊन राहिली, म्हणजे स्टॅटिक फोल्डर कोणीतरी आधीच वगळलेलं दिसते, कॉन्फिग बघून घे. आणि तपासताना डेव्हटूल्समधलं (ब्राउझरची तपासणीची खिडकी) डिसेबल कॅशचं टिक काढ, ते असलं की दरवेळी २००च (म्हणजे पूर्ण फाईल) येते.