पॅशन फ्रूटच्या वेलाला रोज डझनभर फुले, पण फळ एकही नाही : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

गेल्या पाच वर्षांपासून मी घराच्या मागील अंगणात आणि गच्चीवर मिळून अकरा फळझाडे वाढवत आहे. त्यांपैकी लिंबू, पेरू, तुती आणि अंजीर यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. फळे उतरल्यावर पेरूचे शेंडे छाटले की नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात, आणि अंजीर तर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये आखडून राहूनही भरपूर फळते. अडचण आहे ती हौसेने लावलेल्या तीन झाडांची, म्हणजे पॅशन फ्रूट, सीताफळ आणि ड्रॅगन फ्रूट यांची. तिन्ही झाडे अंगाने उत्तम आहेत, तिन्हींना फुले येतात. फळाचे मात्र नाव नाही.

पॅशन फ्रूटचे सविस्तर लिहितो, कारण माझा सर्वाधिक वेळ त्यातच गेला आहे. एका परिचितांच्या वेलाच्या दोन काड्या आणून मी त्या लावल्या. दोन्ही वेल आता मांडवभर पसरले असून बहरात रोज दहा-बारा फुले येतात. ती दुपारी बाराच्या आसपास उमलतात, त्यांवर मधमाश्याही दिसतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठासकट पिवळी पडून मांडवाखाली सडा पडतो. पहिल्या वर्षी मला वाटले की वेल कोवळा आहे. दुसऱ्या वर्षी दर पंधरा दिवसांनी शेणखत घातले, तेव्हा पाने तळहाताहून मोठी झाली आणि फुले उलट कमी आली. यंदा खत थांबवून मी रंगकामातील बारीक कुंचला घेऊन बसलो. खालच्या बाजूला वळलेल्या पाच परागकोशांवरील पिवळी पूड वरच्या तीन कुक्षींना, म्हणजे पराग झेलणाऱ्या मादी टोकांना, इतकी लावली की बोटेही पिवळी झाली. एका वेलाचे पराग दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे पहिल्यावर, असे दोन्ही प्रकारे करून पाहिले. चाळीस-एक फुलांपैकी एकही टिकले नाही.

सीताफळाच्या फुलांतही मी पूर्ण उमललेले फूल निवडून त्याच फुलात कुंचला फिरवला. त्यातून नव्हे, पण आपोआप एक फळ धरले. ते एका बाजूने फुगलेले आणि दुसऱ्या बाजूने चेपलेले असे वेडेवाकडे वाढले. ड्रॅगन फ्रूटला यंदा प्रथमच चार फुले आली. ती रात्री उमलून सकाळी मिटली आणि आठवडाभरात गळून गेली. आतला गर लाल असलेल्या जातीचे म्हणून ते रोप मला मिळाले होते.

माझा प्रश्न असा की हा दोष खताचा आहे, कुंचला फिरवण्याच्या पद्धतीचा आहे, की आणखी कशाचा? फुले गळण्यावर संजीवके (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारी द्रव्ये) फवारावीत असा सल्ला मला मिळाला आहे, परंतु कारण कळल्याशिवाय काहीही फवारण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १

आपण फवारले नाहीत हे उत्तम केले. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच दोन ठिकाणी लिहून गेला आहात. एक म्हणजे फुले दुपारी बाराच्या आसपास उमलतात, आणि दुसरे म्हणजे दोन्ही वेल एकाच वेलाच्या काड्यांपासून झालेले आहेत.

जांभळ्या सालीच्या पॅशन फ्रूटचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याला सहसा स्वतःचे पराग चालतात. पिवळ्या सालीच्या प्रकाराचे फूल दुपारच्या सुमारास उमलून रात्री मिटते, आणि या प्रकाराच्या बहुतेक वेलांना स्वतःचे पराग चालत नाहीत. आपला वेल पिवळा असावा. काडीपासून केलेले रोप म्हणजे मूळ वेलाचाच तुकडा असतो, त्यामुळे मांडवावर दोन वेल दिसत असले तरी परागीभवनाच्या हिशेबी तो एकच वेल आहे. आपला कुंचला निर्दोष आहे; पराग परके नाहीत, एवढेच.

निराळ्या बियांपासून वाढलेला किंवा पूर्णपणे वेगळ्या ठिकाणचा वेल शेजारी लावणे हा कायमचा उपाय होय. तोपर्यंत अशा वेलाचे ताजे फूल आणून त्यातील पुंकेसर चिमट्याने खुडावा आणि तोच कुक्षीवर हलकेच घासावा. उमलताक्षणी तिन्ही कुक्षी वर उभ्या असतात आणि थोड्या वेळाने खाली झुकतात. त्या झुकल्यावर काम करावे. ज्या फुलात त्या शेवटपर्यंत उभ्याच राहतात ते फूल बहुधा वाया जाते. परागांवर पाणी पडले की ते फुटतात, म्हणून पावसाची सर येऊन गेलेल्या फुलावर श्रम घेऊ नयेत. मधमाशी या मोठ्या फुलाला तोकडी पडते, ती पराग गोळा करून नेते पण कुक्षीला क्वचितच शिवते. हे काम खरे म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या काळ्या मोठ्या भुंग्याचे. त्यामुळे अंगणात वाळके ओंडके असल्यास ते काढू नयेत. खताबाबतचे आपले निरीक्षणही बरोबर आहे, नत्र जास्त झाले की वेल पानांवर जातो.

प्रतिसाद २

सीताफळाविषयी लिहितो. त्याचे फूल आधी मादी आणि नंतर नर असते. पाकळ्या किंचित विलगलेल्या असताना कुक्षी ओलसर व चिकट असते. पाकळ्या पूर्ण फाकून पराग सुटू लागतात तोवर ती वाळलेली असते. म्हणजे आपण पूर्ण उमललेल्या फुलात कुंचला फिरवलात तेव्हा पराग होते, पण ते घेणारे कोणी नव्हते. पूर्ण उमललेल्या फुलांतील पराग लहान वाटीत झाडून घ्यावेत आणि नुकत्या विलगू लागलेल्या फुलात कुंचल्याने सर्व बाजूंनी फिरवावेत. सर्व बाजूंनी असे मुद्दाम म्हणतो, कारण सीताफळाचा प्रत्येक डोळा हा फुलातील वेगळ्या स्त्रीकेसरापासून वाढतो, आणि ज्या बाजूला पराग पोहोचत नाहीत ती बाजू चेपलेली राहते. आपले वेडेवाकडे फळ हा त्याचाच पुरावा आहे. हवा फार कोरडी असल्यास कुक्षी लवकर वाळते, तेव्हा झाडाखाली पाचटाचे आच्छादन व हलका ओलावा ठेवावा.

ड्रॅगन फ्रूटच्या अनेक लाल गराच्या जातींनाही स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या जातीचे रोप लावावे आणि फूल पूर्ण उमलल्यानंतर रात्रीच पराग लावावेत.

मूळ लेखकाचा पुढील मजकूर

दोघांचेही मनापासून आभार. दूरच्या एका बागेतील वेलाची सहा फुले मी झाकणाच्या डब्यात आणली आणि त्यांचे पुंकेसर माझ्या अकरा फुलांवर घासले; त्या फुलांच्या देठांना लाल दोरा बांधून ठेवला. चौथ्या दिवशी लाल दोऱ्याच्या अकरांपैकी आठ देठांच्या टोकाला वाटाण्याएवढे हिरवे गोळे दिसत होते, आणि दोरा नसलेली त्या दिवशीची सर्व फुले गळून गेली होती. जे दोन वर्षांत मला कळले नाही ते त्या डब्याने चार दिवसांत दाखवले. आता त्याच वेलाच्या फळातील बिया घेऊन रोपे करत आहे.

सीताफळाचा बहर संपत आला असल्याने तो प्रयोग पुढच्या बहरावर गेला. ड्रॅगन फ्रूटबाबत मात्र एक शंका राहते : दुसऱ्या जातीचे झाड माझ्या झाडाच्या आठ-दहा दिवस आधी फुलले, तर त्याचे पराग तोवर टिकवता येतील काय?

प्रतिसाद २ यांचे उत्तर

येतील. परागकोश सावलीत कोरड्या कागदावर पसरून त्यांतील ओल जाऊ द्यावी, मग घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावेत. बाटलीवर जातीचे नाव व तारीख लिहावी, आणि वापरण्याच्या रात्री ती बाहेर काढून काचेवरचा दमटपणा जाईपर्यंत झाकण उघडू नये.