खारेपाट समुद्राने बुडवला की फुटक्या बांधांनी?

खारेपाटी: 'समुद्र चढतोय, तेव्हा अलिबाग-पेणच्या शेतकऱ्यांनी खारी जमीन सोडावी आणि कांदळवन वाढू द्यावं,' असं काल इथे कुणीतरी लिहिलं. डोकं फिरलं. ही जमीन, म्हणजे आमचा खारेपाट, पणज्यांनी चिखलाचे बांध घालून भरतीच्या पाण्यातून मिळवली. तिच्या खंडापायी चरी गावचा शेतकऱ्यांचा संप 1933 पासून 1939 पर्यंत चालला, तेव्हा कुणी सोडली नाही. बांध जोळपद्धतीने राखले जायचे, घरटी एक माणूस. मग 1948 आणि 1979 चे खारभूमीचे कायदे आले, देखभाल सरकारकडे गेली, गावाचा हात सुटला. आता खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की अर्ज करत बसायचं, तोवर पुढचं उधाण आत. याचं बिल हवामानावर फाडू नका.

भरतीरेषा: देखभाल होत नाही, हे खरंच. पण 1901 ते 2018 या काळात जगाचा समुद्र सरासरी 20 सेंटिमीटर चढला, आणि वेग वाढतोय. तुमचे बांध पणज्यांच्या उधाणाला बेतलेले आहेत. सुंदरबनात 2009 साली आयला चक्रीवादळाने बांध फोडले, शेतं खारी झाली. बांधाआड गाळ येत नाही, म्हणून तिथली कितीतरी जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली राहते.

खारेपाटी: सुंदरबनची जमीन मुळातच खचते. इथे धरमतर खाडीत बार्ज गेली की लाट थेट बांधाला लागते, ती बघायला या.

पेणची सून: समुद्राचं राहू द्या, तिवरांचं, त्या कांदळवनाच्या झाडांचं बोला! सासऱ्यांच्या शेताला खांड पडली, दुरुस्ती झाली नाही, आणि आता तिथे पुरुषभर तिवरं आहेत. सातबारा आमचा, पण 2005 पासून हायकोर्टाच्या आदेशामुळे फांदी तोडली तरी गुन्हा.

भरतीरेषा: तो आदेश नसता तर मुंबईभोवती एक तिवर उरलं नसतं. तिवरंच लाटेचा जोर मोडतात.

पेणची सून: मुंबईने आपली खाजणं भरून टॉवर उभे केले, आणि लाट अडवायला आमचं भातशेत? भाकरी कशाची खायची, तेही सांगा.

भरतीरेषा: भरभक्कम भरपाई द्यायला हवी, यावर वाद नाही.

खारेपाटी: बांधाबाहेर तिवरं हवीत, एवढं मानतो. निसर्ग वादळात आमचा तिवरांआडचा बांध टिकला, उघडा फुटला. पण आत एकही नको.

पेणची सून: आणि आत उगवलीत त्यांचं काय?