मदत हवी आहे: बोका शी बॉक्समध्ये करतो, शू मात्र पायपुसण्यावर

बोका देशी, ४ वर्षांचा, नसबंदी झालेला, कायम घरातच. घरात दुसरं मांजर नाही. दिवाळीनंतर त्याने शू करायला बाथरूमबाहेरचं पायपुसणं आणि धुवायच्या कपड्यांचा ढीग निवडलाय. शेपूट उभी करून भिंतीवर फवारा मारत नाही, व्यवस्थित बसून डबकं करतो. त्यामुळे हद्द आखण्याचा प्रकार वाटत नाही.

डॉक्टरांना दाखवलं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नाही, खडेही नाहीत. सोनोग्राफी केलेली नाही. रक्त नाही, जोर लावणं किंवा थेंब थेंब होणं नाही. (बोक्याची लघवी तुंबली तर जिवावर बेततं हे माहीत आहे, तिकडे लक्ष आहे.)

बॉक्स रोज साफ होतो. झाकण काढून पाहिलं, ढिम्म फरक नाही. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसतो, फिनाइल बंद केलंय. एक बदल झालाय खरा: बेंटोनाइट मातीचं जुनं लिटर (बॉक्समध्ये पसरतात ते, शी-शू शोषणारं) मिळेना म्हणून लाकडी गोळ्यांचं आणलं. त्यावर पंजा ठेवतो, झटकतो आणि बाहेर येतो. पण मग शी त्यातच कशी करतो?

दुसरा बॉक्स ठेवायला फक्त बाल्कनी आहे, आणि जाळीपलीकडे कबुतरांचा धिंगाणा. तिथे हा शांतपणे बसेल असं वाटत नाही.

लिटर आवडत नसेल तर मांजर फक्त शू बाहेर करतं का? आधी जुनं लिटर आणून बघू की थेट सोनोग्राफी करून घेऊ?