गॅस गिझर आणि बाथरूमची खिडकी

ए-३०२: आमच्या मजल्यावरची मुलगी आंघोळ करताना बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, आता बरी आहे. आत गॅस गिझर चालू होता, सगळे गॅस लीक म्हणतायत. पण गॅसचा अजिबात वास नव्हता हो, मग लीक कसा म्हणायचा?

सी-७०४ डॉक्टरताई: लीक नसेलच. पाइपच्या गॅसमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून लीक कळतो, पण गिझर पेटताना हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे श्वास चालू असतो पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं जड, मळमळ, पायातलं बळ जातं, कडी काढायचीही शुद्ध राहत नाही

बी-१०१: तिच्या आईने ऑक्सिमीटर लावला होता, ९८ दाखवत होता

सी-७०४ डॉक्टरताई: तेच तर, त्या आकड्यावर जाऊ नका प्लीज!! हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे आधी सांगा, मग ते रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासतील आणि मास्कने ऑक्सिजन देतील. नुसत्या हवेत ते निम्मं व्हायला ४-५ तास लागतात, ऑक्सिजनवर तास-दीड तासात होतं. आणि बरं वाटलं तरी पुढचे काही आठवडे तिच्याकडे लक्ष ठेवा, विसरणं, चिडचिड, चालताना तोल जाणं असं उशिरा दिसू शकतं

डी-२०३: आम्ही इतकी वर्षं वापरतोय, कधी काही झालं नाही.

सी-७०४ डॉक्टरताई: काका, खिडकी उघडी होती तोवर नसेल झालं. पण कबुतरं आणि पाऊस नको म्हणून आपल्याकडे किती जणांनी डक्टच्या (बिल्डिंगमधल्या हवेच्या उभ्या पोकळीच्या) खिडकीला अ‍ॅक्रिलिक शीट ठोकलीय बघा. काचेच्या पट्ट्या काढून सरळ सीलबंद, आणि आत गिझर! ज्योत निळीच्या ऐवजी पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली तर त्याच दिवशी बंद करा, पण निळी आहे म्हणून खिडकी लावून घेऊ नका. गरोदर बायका, लहान मुलं, हार्टवाले यांना जास्त धोका, पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही

ए-३०२: एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल ना ताई?

सी-७०४ डॉक्टरताई: त्याच्यावर विसंबू नका वहिनी, बाहेरची हवा आत यायला वाट हवी. खरं तर गिझर ड्राय बाल्कनीत काढून फक्त पाण्याची पाइप आत घ्या, नाहीतर बादली भरून गिझर बंद करून मगच आंघोळ. आणि कोणी आत गप्प झालं तर दार तोडा, आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन

सेक्रेटरी: शनिवारी प्लंबर सगळ्या विंगमध्ये फिरेल, डक्टच्या शीट काढायच्या आहेत. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाची वाट बघू नका, खर्च सोसायटी आधी करेल. ए विंगच्या गच्चीवर डक्टवर टाकलेला पत्रा आजच काढायला सांगितलाय